सॅपरला फाटकावर बसवू नका



आज पदवी घेणाऱ्या अभियंत्यांनो, मघाशी तुमच्यापैकी काही जणांच्या मोबाइलवर पॅरा कमांडोंची छायाचित्रं दिसली. बरं वाटलं. माझ्या उमेदवारीच्या काळात माझे हिरो होते सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. मूळचे कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्स या सैन्याच्या अभियंता पलटणीचे. म्हणजे आपल्याच जातकुळीचे, रस्ता मोकळा करणारे.

एप्रिल 1948. काश्मीरच्या युद्धात नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते. वाटेत सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली. 8 तारखेला बरवालीच्या डोंगरधारेपाशी राण्यांच्या तुकडीवर तोफगोळे पडले. दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यांत स्वतः राणे. तरी काम थांबलं नाही. सुरुंगांच्या पट्ट्यातून हा माणूस रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेला आणि दोर ओढून चालकाला दिशा देत राहिला. 11 तारखेला रस्ता चिंगसपर्यंत खुला झाला. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. मला त्या पदकापेक्षा तो दोर जास्त आठवतो. आपण ज्या रस्त्याला सुरक्षित म्हणतो, त्यावरून आधी आपण जायचं, हे मी तिथून शिकलो.

आणि माझे दुसरे हिरो होते एक सुभेदार. त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्स केंद्रात घडलेले, निवृत्तीनंतर आमच्या घाटरस्त्याच्या साइटवर आले. कशासाठी? फाटकावर बसून ट्रकचे नंबर लिहायला! बेली पूल उभारलेला माणूस. पावसाळा तोंडावर होता, एका मोरीवरचा भराव घाईघाईने उरकला जात होता. सुभेदार वही बाजूला ठेवून आले, टाच रोवून बघितली आणि म्हणाले, "साहेब, पाणी सुटलं की हे बसणार. थर उकरा, पाणी मारून पुन्हा दाबा." ठेकेदाराचा माणूस म्हणाला, वॉचमनने वॉचमनचं काम करावं. मी थर उकरायला लावला. खाली कोरडी माती, नुसती पसरलेली. वरून मला विचारणा झाली ती मात्र उशिराबद्दल. मोजमाप पुस्तिकेत थर दाबल्याची नोंद आधीच झालेली होती, ती कोणी केली हे कुणी विचारलं नाही.

आपल्या व्यवसायाचं हे दुखणं मला आजही छळतं. टेबलाशी बसून सही करणारा अभियंता आणि जमीन तुडवणारा वॉचमन! 26 जानेवारीला त्याच सुभेदारांना शाल देऊन पुढच्या खुर्चीवर बसवलं. 27 तारखेला पुन्हा फाटक.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि ते मी आग्रहाने मागतो. सैनिकांना हिरो माना, जरूर माना. पण उद्या साइट तुमच्या हाती आली की फाटकावरच्या माणसाला विचारा, कुठल्या पलटणीत होतात, काय काम करत होतात. तो सॅपर निघाला तर त्याला आत घ्या, कामावर घ्या, पगार त्या कामाचा द्या. त्याने "हा थर चालणार नाही" म्हटलं तर बिल अडलं तरी चालेल, थर उकरा. आमच्या पिढीने एवढं केलं असतं तर दर पावसाळ्यात इतक्या मोऱ्या वाहून गेल्या नसत्या, असं मला ठामपणे वाटतं.

सुभेदारांनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली. आम्ही त्यांना थांबवायला हवं होतं, पण त्यांना देण्याजोगं पदच आमच्या आस्थापनेच्या यादीत नव्हतं. ते पद तुम्ही निर्माण करा.