तबकडीवरचं टोपणनाव

श्रोतेहो, वाजवणारा कलावंत आणि त्याची तबकडी विकणारी कंपनी यांचं नातं पहिल्यापासून थोडं तिढ्याचं. सूर कलावंताचा, पण त्याची मूळ फीत कंपनीच्या कपाटात. कोणती तबकडी काढायची, किती छापायच्या आणि कधी बंद करायची, हे कंपनी ठरवणार.

न्यूयॉर्कमधल्या चार्ल्स मिंगसला हे पटत नव्हतं. जॅझ संगीतात तो डबल बास वाजवायचा. हे वाद्य व्हायोलिनच्या कुळातलं, पण उंची माणसाएवढी. १९५२ मध्ये त्यानं पत्नी सीलिया आणि ड्रमवादक मॅक्स रोच यांच्यासह ‘डेब्यू’ ही छोटी कंपनी काढली. कचेरीचं बरंचसं काम सीलिया पाहायची. तरुण वादकांनाही इथं जागा मिळाली. पियानोवादक पॉल ब्ले याची पहिली तबकडी ‘डेब्यू’चीच.

कंपनीचं नाव राहिलं ते एका मैफलीमुळे. १५ मे १९५३, कॅनडातलं टोरांटो, मॅसी हॉल. सॅक्सोफोनवर चार्ली पार्कर, ट्रम्पेटवर डिझी गिलेस्पी, पियानोवर बड पॉवेल आणि सोबत रोच व मिंगस. एवढे मोठे कलावंत असूनही बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याच रात्री शिकागोत मार्सियानो आणि वॉलकॉट यांची जगज्जेतेपदाची मुष्टियुद्धाची लढत होती! मैफलीच्या फिती मात्र मिंगसच्या हाती आल्या.

त्या ऐकल्या तर त्याचा स्वतःचा बास जेमतेम ऐकू येत होता. तेव्हा त्यानं स्टुडिओत आपला भाग पुन्हा वाजवून त्या ध्वनिमुद्रणावर चढवला. कंपनी घरची होती, म्हणून हे जमलं.

एक गोष्ट मात्र घरच्या कंपनीलाही जमली नाही. पार्करचा करार दुसऱ्या कंपनीशी होता. त्यामुळे त्या काळातल्या सर्वश्रेष्ठ सॅक्सोफोनवादकाचं नाव तबकडीवर छापता येईना. तिथं ‘चार्ली चॅन’ असं छापलं गेलं. चॅन हे चित्रपटातल्या एका गुप्तहेराचं नाव आणि पार्करच्या पत्नीचंही.

आम्हा शायरमंडळींना तखल्लुस नवं नाही. पण कवी ते हौसेनं घेतो, मक्त्यात मिरवतो. पार्करला ते घ्यावं लागलं, कारण त्याचं खरं नाव करारानं दुसऱ्याकडे गहाण पडलं होतं. सॅक्सोफोनचा पहिला सूर कानी पडताच जाणकारांनी माणूस ओळखला असेल. सुराला टोपणनाव देता येत नाही.

‘डेब्यू’चा कारभार १९५७ मध्ये थांबला. पदरचे पैसे घालून कवितासंग्रह काढणाऱ्या कवीला याचं नवल वाटणार नाही. छापणं एकवेळ जमतं, पण दुकानापर्यंत पोहोचवणं आणि विक्रीचे पैसे वसूल करणं हे वेगळंच काम आहे. ‘डेब्यू’च्या फिती पुढे ‘फँटसी’ या कंपनीकडे गेल्या आणि १९९० मध्ये बारा सीडींच्या संचात एकत्र आल्या.

पार्कर १९५५ मध्येच गेला होता. त्या मैफलीच्या नंतरच्या आवृत्त्यांवर त्याचं खरं नाव आहे. ते पाहायला तो नव्हता, पण त्या रात्रीचा त्याचा सूर मिंगसच्या छोट्या कंपनीनं जपून ठेवला होता.