एक स्टेशन
(नेरूळ इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीतला माणूस. न्हावा-शेव्याला जहाजावर कंटेनर बांधतो, सोडतो. आज कविता वाचणार नाही. आज भीतीबद्दल बोलायचंय. माझ्या.

२०२० च्या मार्चात देशाला कुलूप लागलं तेव्हा बंदर चालूच होतं. अत्यावश्यक सेवा! पांढरपेशा घरात बसून हात धूत होता आणि आमची टोळी लोखंडाच्या सळया आवळत होती. तेव्हा भ्यायला सवडच नव्हती. भाड्यानं दिलेल्या अंगाला भीती परवडत नाय. ती आली मागाहून. २ एप्रिल २०२२ ला महाराष्ट्रातले निर्बंध उठले, लोक मोकळे झाले, आणि मी आवळला गेलो.

मयतीला जाईना, हळदीला जाईना. बैठकीच्या दारापर्यंत यायचो. आतली माणसं बघून घशाला कोरड, छातीत धडधड. तसाच माघारी. कुणी विचारलं तर सांगायचो, ड्युटी होती. इथं बसलेल्यांपैकी कितीजण असल्या ड्युट्या सांगतात ते मला ठाऊक आहे! आई म्हणाली, नजर लागली. मित्र म्हणाले, कवी झाला, माजला.

मी स्वतःला भेकड समजत होतो. मग आठवलं. फोन लावला की आधी खोकला, मग उपदेश. भिंतीवर, टीव्हीवर एकच धोशा : माणसापासून लांब राहा. 'सोशल डिस्टन्सिंग'. सामाजिक अंतर! च्यायला, हे आपल्याला कुणी शिकवायचं? आपल्या पणज्यांनी गावकुसाबाहेर तेच भोगलं. रोगापुरतं अंगाचं अंतर पाहिजेच होतं, मी नाकारत नाही. माणसं खरोखर मेली. पण शब्द चुकला होता. जागतिक आरोग्य संघटनेनंसुद्धा २० मार्च २०२० ला सांगितलं, 'शारीरिक अंतर' म्हणा, एकमेकांशी नातं तोडू नका. २० मार्च! १९२७ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. योगायोग असेल. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

मग काय केलं? क्रांती नाही केली. नेरूळला गाडीत चढलो, जुईनगरला उतरलो. एक स्टेशन. सोबत एक दोस्त, त्याला आधीच बजावलेलं, हात थरथरला तर हसायचं नाय. चार दिवसांनी सानपाडा. मग वाशी. घाम यायचा, येऊ दिला. मधेच उतरून पळालो की दुसऱ्या दिवशी भीती दुप्पट, हे एकदा पळूनच कळलं. रात्री झोपच उडाली तेव्हा १४४१६ ला फोन केला, सरकारची टेली-मानस. फुकट आहे. लाज कसली? कंबर धरली की जातोच ना डॉक्टरकडं?

२०२० च्या ६ डिसेंबरला सरकारनं सांगितलं, चैत्यभूमीला येऊ नका, घरूनच अभिवादन करा. आपण ऐकलं. २०२२ ला रस्ता मोकळा होता, तरी मी गेलो नाही. हे पहिल्यांदाच चारचौघांत कबूल करतोय. २०२३ ला गेलो, कुर्ल्याला गाडी बदलून. दादरच्या पुलावर पाय अडकले. पुढं माणूस, मागं माणूस. मागनं एका म्हातारीनं पाठीवर हात ठेवला. "चल की बाबा, थांबलास का?" तिला काय माहीत! किती दिवसांनी परक्या माणसाचा हात अंगाला लागला होता. मी चालायला लागलो.

रविवारी गर्दी कमी असते. ज्यांना ड्युटी आहे त्यांनी सकाळी नऊला नेरूळ स्टेशनावर यावं. जुईनगरपर्यंत जाऊ, चहा पिऊ, परत येऊ.