खाण, माती आणि गुरगुर

(वसंत व्याख्यानमाला, चौथे पुष्प)



पत्रिकेवर छापलंय, 'कुत्रा चावरा का होतो : वंश की वळण?' चाळीस वर्षं कुत्र्यांचे दात तपासण्यात, आणि अधूनमधून अंगावर घेण्यात गेल्यामुळे माझं उत्तर तयार आहे. वळण! आता उरलेली पंचेचाळीस मिनिटं काय बोलायचं, एवढाच प्रश्न आहे. (हशा) बाहेर कोणाचा तरी कुत्रा भुंकतोय, त्याचाही दुजोरा दिसतो.

पण साक्षीदार आधी विरुद्ध बाजूचा बोलावतो, म्हणजे निदान निःपक्षपातीपणाचा आव आणता येईल. 'खाण तशी माती' म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम पुरावा कुत्र्यांचा नाहीच, कोल्ह्यांचा आहे. १९५९ साली सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला दिमित्री बेल्यायेव यांनी फरसाठी पाळलेल्या रुपेरी कोल्ह्यांतले माणसाला कमी बिचकणारे निवडले आणि त्यांचीच पैदास सुरू केली. ल्युदमिला त्रुत यांनी ते काम पुढे कित्येक दशकं चालवलं. मेंडेल तुम्ही शाळेत केलाय, त्याचे वाटाणे सोलत बसत नाही. कोल्ह्यांना शिकवणं नाही, लाडीगोडी नाही, नुसती निवड. थोड्याच पिढ्यांत पिल्लं माणूस दिसला की शेपटी हलवायला लागली. पुढे तर काहींची शेपटी चक्क वर वळली. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, असं आपण म्हणतो. इथे सरळ होतं ते वाकडं झालं, तेही नळीशिवाय! (हशा) शिवाय चवताळणाऱ्या कोल्ह्यांचीही वेगळी पैदास राखली होती. त्यांची पिल्लं गरीब माद्यांच्या कुशीत वाढवून पाहिली, तरी ती चवताळणारीच निघाली.

खरं सांगतो, हा पुरावा मला जड जातो. कितीतरी वर्षं मी तो व्याख्यानात घेतच नसे. आता घेतो आणि विचारतो, तिथे एकाच गुणासाठी इतकी कडक निवड झाली. तुमच्या गल्लीतल्या कुत्र्यासाठी ती कोणी केली? पैदास करणारा कान बघतो, उंची बघतो आणि भाव बघतो. अमेरिकेत २०२२मध्ये १८,०००हून जास्त कुत्र्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वागण्यातल्या फरकातला जेमतेम ९ टक्के भाग जातीवरून उलगडला. आपल्याकडे मार्च २०२४मध्ये केंद्राने २३ जातींवर बंदी घालायचं पत्रक काढलं, आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. त्यात शिरत नाही, वकील मंडळी पहिल्याच रांगेत बसली आहेत.

एक प्रसंग सांगतो, दोन मिनिटांत. एका लोखंडाच्या व्यापाऱ्यांकडे डॉबरमन होता, टायगर. शेठ म्हणाले, "डॉक्टर, बिनधास्त या. गुरगुरायची खोड होती, ती मी पट्ट्याने मोडली." मी त्याचा कान बघायला वाकलो. सगळं समोर दिसत होतं हो! शेपूट हलत होतं, पण ताठ. अंग लाकडासारखं. तोंड घट्ट मिटलेलं. मान भिंतीकडे आणि नजर माझ्यावर, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरी कोर. अशा वेळी गॉझची पट्टी काढायची, नाकावर फास, हनुवटीखाली गाठ, कानामागे सुरगाठ, मग हात लावायचा. माझी पट्टी पिशवीत आणि पिशवी पोह्यांच्या बशीशेजारी! पोहेही काय होते, वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची... हो अध्यक्ष महाशय, येतो मुद्द्यावर. हूं की चूं न करता त्याने माझं मनगट धरलं. हे बघा, अजून वण आहे. मागच्यांना नंतर दाखवतो.

शेठनी पट्टा उचलला. मी म्हटलं, "मारू नका, त्याने तुमचंच ऐकलं. गुरगुरू नको म्हणालात, तो गुरगुरला नाही."

माझ्या टेबलावर आलेले बहुतेक चावरे कुत्रे घाबरलेले होते. भित्रेपणा थोडाफार रक्तातून येत असेल, तेवढं मी कोल्ह्यांना देऊन टाकतो. पण आधी गुरगुरायचं की थेट दात लावायचा, हे त्याला घरात शिकवलं जातं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. आणि मुख्य विषय तर आत्ता येतोय! (हशा) तेव्हा धावतं सांगतो. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांचं १९६५चं पुस्तक. तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग ओळखीचं करून घेतं. चौदा आठवडे माणसापासून पूर्ण तोडून वाढवलेली पिल्लं पुढे रानटी जनावरासारखी वागली. त्या काळात त्याला छत्री दाखवा, कुकरची शिट्टी ऐकू द्या, टोपीवाला माणूस, रांगणारं मूल, सगळं दाखवा, पण जबरदस्ती न करता. आपण काय करतो, महिन्याचं पिल्लू आईपासून तोडून आणतो, जिन्याखाली बांधतो आणि वर्षाने विचारतो, डॉक्टर, जातच अशी आहे का?

घंटा झाली. धनगरांच्या कुत्र्यांचं टिपण तसंच खिशात राहिलं. प्रश्न खाली चहाच्या टेबलापाशी घेऊ. आणि बाहेर खांबाला बांधलेला तो कुत्रा ज्यांचा असेल त्यांनी पुढे व्हा. मगाशी भुंकत होता, आता गुरगुरायला लागलाय. तेवढं त्याला रागावू नका.