ताटातील मोरी आणि समुद्रातील मुशी

(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



भोजनाची पाने मांडण्यापूर्वी मत्स्याहाराविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. यात कार्यवाहांचा थोडा विनोद असावा. तेव्हा प्रारंभीच खुलासा करतो, की मी शाकाहाराचा प्रचारक नव्हे. आपली मूळ गावे कोकणात. पोटापाण्यासाठी आपले पूर्वज कसाऱ्याचा घाट चढून गोदातीरी आले, तेव्हा कुलदैवतांबरोबर माशांची आवडही त्यांनी घाटावर आणली. ती सोडावी असे मी म्हणत नाही. केवळ एक मासा आपल्या खानावळींच्या फलकावरून उतरवावा, एवढीच माझी विनंती आहे.

तो मासा म्हणजे मोरी. अस्सल नाशिककराला मोरी म्हटले की न्हाणीघर आठवते. परंतु दक्षिण कोकणात जिला मोरी म्हणतात, तीच उत्तरेकडची मुशी आणि तीच इंग्रजीतील शार्क. तिला काटे नसतात, केवळ कूर्चा असते, म्हणून लहान मुलांना व वृद्धांना ती सोयीची. शिळी झाली की तिला अमोनियाचा उग्र दर्प येतो, म्हणून तिचे कालवण झणझणीत करण्याची रीत. पूर्वी हा पदार्थ घाटावर दुर्मीळ होता. आता बर्फाच्या पेट्यांतून मासळी रातोरात येते आणि मालवणी जेवणाच्या खानावळी नाशकातही जागोजाग निघाल्या आहेत. त्यांपैकी काही आपल्याच ज्ञातिबंधूंच्या आहेत, याचा मला अभिमान वाटतो. आणि म्हणूनच हे गाऱ्हाणे मी येथे मांडीत आहे.

सुरमई किंवा पापलेट एका हंगामात हजारोंनी, कित्येकदा लाखोंनी अंडी घालते. मुशीचे तसे नाही. तिच्या अनेक जाती सस्तन प्राण्यांप्रमाणे जिवंत पिलांना जन्म देतात. मोठ्या जातींमध्ये गर्भ सुमारे वर्षभर पोटात राहतो, पिले मोजकीच होतात आणि काही जातींच्या माद्या वयात येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. असा जीव एकदा घटला की पुन्हा भरून येण्यास पिढ्या जातात. १९७० नंतरच्या सुमारे पन्नास वर्षांत खुल्या महासागरांतील शार्क व पाकट यांची संख्या ७१ टक्क्यांनी घटल्याचा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी असेही दिसून आले, की त्यांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत.

यावर कोणी जाणकार म्हणेल, ‘गुरुजी, आम्ही खातो ती छोटी मुशी, ती लवकर वाढते.’ हे म्हणणे अर्धे खरे आहे. आपल्या किनाऱ्यावर हातभर लांबीची, चपट्या नाकाची एक मुशी विपुल मिळते. ती एक-दोन वर्षांत वयात येते आणि तिला पिलेही पुष्कळ होतात. पण तिच्याच टोपलीत हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीची व इतर मोठ्या जातींची पिलेही येतात. डोके व पर कापले, कातडी सोलली आणि तुकडे रश्श्यात पडले, की कोणती मुशी कोणती, हे भल्याभल्यांस ओळखता येणार नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून काही शार्कांना संरक्षण दिले आहे, २०१५ पासून परांच्या निर्यातीसही बंदी आहे; पण कढईत उतरलेल्या तुकड्याला कायदा काय विचारणार? मध्यंतरी दहा किनारी राज्यांतील २,६४९ उपाहारगृहांची पाहणी झाली, तेव्हा २९२ ठिकाणी शार्क मिळत असल्याचे आढळले. त्यात गोव्याचा क्रमांक पहिला होता. आपण त्या स्पर्धेत उतरण्याचे कारण नाही.

भगिनीवर्गासाठी थोडे निराळे सांगावयाचे आहे. बाळंतिणीला मुशीचे कालवण दिले की दूध वाढते, अशी आपल्या वडीलधाऱ्यांची समजूत आहे. त्यांच्या मायेविषयी मला आदर आहे. तथापि मोठे शिकारी मासे लहान मासे खात खात जगतात आणि त्यांच्या मांसात पारा साठत जातो. म्हणून अमेरिकेचे आरोग्य खाते गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना आणि लहान मुलांना शार्क खाऊ नये असेच सांगते. छोट्या मुशीत पारा कमी असतो खरा. पण तुकडा छोटीचा की मोठीच्या पिलाचा, हा प्रश्न येथेही सुटत नाहीच. बाळंतिणीला अळीव, डिंक, खसखस आहेतच; मासाच हवा तर तारली आहे.

असे बदल घडत नाहीत, असे मात्र नव्हे. सौराष्ट्रातील वेरावळच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क नावाचा, चाळीस फुटांपर्यंत वाढणारा निरुपद्रवी मासा तेलासाठी व मांसासाठी सर्रास मारला जात असे. २००१ साली त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण कायदा कागदावर असतो आणि जाळे समुद्रात. २००४ साली कथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितले, की ही आपल्या किनाऱ्यावर बाळंतपणासाठी आलेली लेक आहे. तेव्हापासून तेथील कोळ्यांनी आपली महागडी जाळी स्वतःच्या हाताने कापून असे शेकडो मासे सोडून दिले आहेत, आणि जाळ्याची भरपाई शासन देते. माहेरवाशिणीचा मान काय असतो, हे आपल्या घरांत निराळे सांगावयास नको.

आता खानावळवाल्या बंधूंची अडचण. ते म्हणतात, गिऱ्हाईक मागते. शिवाय जाळ्यात आलेली मुशी मेलेलीच असते, आम्ही नाही घेतली तर दुसरा घेईल. मुशी पुष्कळदा बोंबील-कोळंबीच्या जाळ्यात आपोआप सापडते, हे मी जाणतो. नाशिकच्या दहा खानावळींनी नकार दिल्याने ट्रॉलर थांबणार नाहीत, हेही मला कळते. परंतु ज्या मालाला भाव येतो तो मुद्दाम आणला जातो, आणि घाटावर हा भाव चढविणारे आपण आहोत, कोळीबांधव नव्हेत. त्यांच्या पोटावर पाय न देता भाव उतरविता येतो. बांगडा घ्या, तारली घ्या, आपल्या धरणांतला रोहू-कटला घ्या, आणि तोही पुरेसा वाढलेला. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला आहे, तो खरेदीच्या वेळी पाहावा.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना लेखी दिल्या आहेत. पुढील वर्षापासून संमेलनाच्या भोजनात मोरी असू नये. आणि ज्या सभासदांच्या खानावळी आहेत त्यांनी फलकावरील ती एक ओळ पुसून तेथे बांगड्याचे तिखले लिहावे. आज पंगत उठल्यावर मी मंडपाच्या दक्षिण दाराशी बसणार आहे. खानावळवाल्या बंधूंनी दहा मिनिटे तेथे यावे. त्यांच्या हिशेबाच्या अडचणी मला ऐकावयाच्या आहेत.