घुसखोर कोण, हे ठरवायचं कोणी?

(डिसेंबर १९९८ मध्ये खडकवासला येथील शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकले नाही, तिथे बैठकीत वाचून दाखवावे.)



आज बोलायचं ते एका कागदाबद्दल. गेल्या महिन्यात हा कागद आपल्या काही वाड्यांवर फिरला. त्यावर लिहिलं होतं, "आमच्या भागात बांगलादेशी घुसखोर राहतात, त्यांना हाकलून द्यावे." कागद घेऊन आलेले लोक म्हणाले, "तुम्ही इथले मूळचे. तुमच्या अंगठ्याला वजन आहे." काहींनी अंगठा दिला, काहींनी नाही दिला. ज्यांनी दिला त्यांना आम्ही दोष देत नाही. पण अंगठा कशावर देतोय ते समजून द्यावा, हे आपण वीस वर्षं शिकतोय. म्हणून ही चर्चा.

आधी एक गोष्ट. आपल्यातलंच एक कातकरी जोडपं भट्टीच्या कामाला निघालं होतं. रात्री स्टेशनवर त्यांना हटकलं. रेशनकार्ड नाही, जन्माचा दाखला नाही, जातीचा दाखला नाही. बोली कानाला वेगळी लागली, म्हणून विचारलं, "बंगाली का?" रात्रभर बसवून ठेवलं. सकाळी मुकादम आला, तेव्हा सुटले. ज्यांचे आजेपणजे या डोंगरात कात पाडत होते, त्यांना आपण इथलेच आहोत हे सांगायला मुकादम लागला! त्या रात्री ते दोघं कोण होते? घुसखोर. कारण कागद नव्हता.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९४६ चा परदेशी नागरिकांचा कायदा आहे. त्याच्या कलम ९ प्रमाणे, ज्याच्यावर परदेशी असल्याचा आरोप, त्यानंच सिद्ध करायचं की मी परदेशी नाही. चोरीच्या खटल्यात चोरी केली हे सरकार सिद्ध करतं. इथं उलटं. आसामात १९८३ साली वेगळा कायदा केला, तिथं हे ओझं आरोप करणाऱ्यावर आहे. पण तो फक्त आसामला लागू. महाराष्ट्रात ओझं तुमच्या-आमच्या डोक्यावर.

हे ओझं आपल्या ओळखीचं आहे, नाही का? जंगलातल्या प्लॉटचं काय झालं, आठवा. २७ डिसेंबर १९७८ चा शासननिर्णय म्हणाला, ३१ मार्च १९७८ पूर्वी जे वनजमीन कसत होते त्यांची जमीन नियमित करू. मग साहेब म्हणाले, पुरावा आणा. कसला? दंडाची पावती. ज्यानं कोंबडी दिली, तूप दिलं, पण पावती मिळाली नाही, तो राहिला बाहेर. लोक सुप्रीम कोर्टात गेले. कोर्टानं सांगितलं, नुसती पावती बघू नका, दुसरा पुरावाही विचारात घ्या. तरी आजही तपासाला आलेला माणूस पहिल्यांदा पावतीच मागतो. पिढ्यान्‌पिढ्या राब करणारा माणूस सरकारी दप्तरात "अतिक्रमणदार". "अतिक्रमणदार" आणि "घुसखोर" हे शब्द सख्खे भाऊ आहेत. दोन्ही दुसऱ्यानं ठेवलेली नावं.

कोणी म्हणेल, "पण बाहेरचे लोक आले की आपलं जातं, हे खोटं आहे का?" खोटं नाही. हा प्रश्न टाळून चालणार नाही. त्रिपुरात या शतकाच्या सुरुवातीला निम्म्याहून जास्त लोक आदिवासी होते. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून निर्वासित येत राहिले, आणि १९८१ च्या जनगणनेत आदिवासी तिसऱ्या हिश्शाच्याही खाली गेले. जमीन गेली, सत्ता गेली. आसामात लोकांनी १९७९ पासून सहा वर्षं आंदोलन केलं. त्यामागं जमिनीची भीती होती, ती खरी होती. पण त्याच आसामात १८ फेब्रुवारी १९८३ ला नेल्ली भागात एका दिवसात दोन हजारांच्या आसपास माणसं मारली गेली, त्यात बाया आणि लेकरं फार. मारणाऱ्यांत जमीन गमावलेले आदिवासीही होते. त्यांची जमीन त्यानं परत आली का? नाही आली. राग खरा होता, पण ज्यांच्यावर काढला ते त्यांच्यासारखेच चिखलात राबणारे शेतकरी होते.

आपल्याच राज्यातलं बघा. गडचिरोलीत मूलचेरा, चामोर्शीकडे बंगाली निर्वासितांची गावं आहेत. ते बहुतेक दलित समाजाचे, पूर्व बंगालमधून जीव घेऊन आलेले. सरकारनं त्यांना आणलं, जंगल तोडून जमीन दिली, पट्टे दिले. शेजारचा माडिया, गोंड मात्र स्वतःच्या शेतावर अतिक्रमणदारच राहिला. आता राग कोणावर धरायचा? त्या निर्वासितावर, की एकाला पट्टा देऊन दुसऱ्याला पावती मागणाऱ्या सरकारवर?

सीमा ओलांडणं हाच गुन्हा असेल, तर तोही सगळ्यांना सारखा नाही. फार्महाऊसच्या फाटकावर नेपाळी भाऊ उभा असतो. तो बिनपासपोर्टचा येतो, आणि ते कायदेशीर आहे, कारण १९५० साली भारत-नेपाळ करार झाला. इथून जवळ पिंपरीला सिंधी निर्वासितांची छावणी होती, आज ते पुण्याचेच झाले. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसं आली, तेव्हा आपण पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावत होतो, निर्वासितांच्या मदतीसाठी. ज्या माणसासाठी तेव्हा देशानं पाच पैसे दिले, त्याच्या भाऊबंदाला आज घुसखोर म्हणतात. माणूस तोच, बदललं ते राजकारण.

राजकारण कसं चालतं? १९६६ नंतर मुंबईत दक्षिणेकडच्या कामगारांवर बोट होतं, "यांनी तुमच्या नोकऱ्या खाल्ल्या." आता बोट बंगाली बोलणाऱ्या मुसलमानावर आहे. गिरण्या बंद पडल्या त्या कोणी पाडल्या, हे विचारू नये म्हणून बोट दुसरीकडे. गेल्या जुलैत मुंबईत जरीकाम करणाऱ्या बंगाली कामगारांना पकडून पोलीस हावड्याच्या गाडीनं नेत होते, सीमेपलीकडं घालवायला. पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्टेशनवर लोकांनी गाडी अडवली आणि त्यांना सोडवलं. यातले पुष्कळ आमचेच नागरिक आहेत, असं तिथलं सरकार म्हणालं. कोर्टात कोणी सिद्ध केलं होतं? भाषेवरून ठरवलं. आज भाषेवरून बंगाली, उद्या बोलीवरून कातकरी.

आणि आपली जमीन खरोखर कोणी घेतली, ते इथं खडकवासल्यात बसून विचारू. हे धरण इंग्रजांच्या काळातलं, सव्वाशे वर्षांपूर्वीचं. वर पानशेत, वरसगाव झालं. पाणी शहराला गेलं, खोऱ्यातली माणसं उठली, काही दौंडकडे गेली, आणि तिथं "बाहेरचे" ठरली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पुणं बुडालं, त्याचं स्मरण दरवर्षी होतं. डोंगरातून उठलेल्यांचं स्मरण कोण करतो? आता धरणाच्या कडेनं कुंपणं उठताहेत. ते लोक चोरून नाही आले. सातबारा घेऊन आले, खरेदीखत घेऊन आले, मोटारीतून आले. वाट बंद झाली, पाणवठा बंद झाला, मसणवट्यावर तार आली. सगळं कायदेशीर! झोपडीत राहणाऱ्या बंगाली मजुरानं आपली एक गुंठा जमीन घेतली असेल तर सांगा. कोणी हात वर करत नाही.

मजुरीचं मात्र खरं आहे. कागद नसलेला माणूस ठेकेदार कमी पैशात राबवतो, आणि आपला भाव पडतो. पण तो पडतो माणूस भित्रा आहे म्हणून, परका आहे म्हणून नाही. पोलिसात देईन म्हटलं की तो गप्प बसतो. आपण अंगठा दिला की ठेकेदाराच्या हातातली ही काठी जाड होते. किमान वेतन सगळ्यांना मिळालं, तर आपला भाव कोण पाडेल?

देशाला सीमा नको, कायदा नको, असं आम्ही म्हणत नाही. बाहेरून आलेल्याबद्दल सरकारनं निर्णय जरूर घ्यावा. पण पद्धतीनं घ्यावा: नोटीस, सुनावणी, पुरावा. १९९५ साली मुंबई-दिल्लीच्या मतदारयादीवरून सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, की यादीत असलेल्याचं नाव संशयावरून काढता येत नाही, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. आपण जमिनीसाठी हाच न्याय मागतो. दुसऱ्यासाठी नको म्हटलं, तर आपल्याला कोणत्या तोंडानं मागायचा?

म्हणून शिबिरापुढं चार गोष्टी ठेवतो. एक, तो कागद यापुढं कुठल्याही वाडीनं सहीला घेऊ नये. ज्यांनी अंगठा दिला त्यांनी "मागे घेतो" असा अर्ज करावा, लिहून द्यायला कार्यकर्ते आहेत. दोन, प्रत्येक वाडीनं या उन्हाळ्याच्या आत जन्मनोंद, रेशनकार्ड, मतदारयादी यांची तपासणी करावी. ज्याचं नाव नाही त्याची यादी संघटनेकडे द्यावी. तीन, भट्टीवर, बांधकामावर मजुरीची मागणी करताना सगळ्या मजुरांना, कुठलीही भाषा बोलणाऱ्यांना, बरोबर घ्यावं. चार, कोणालाही रात्री उचललं तर बायांनी, गड्यांनी मिळून चौकीवर जावं आणि एकच विचारावं: पुरावा कुठं आहे?

हा प्रश्न आजवर आपल्याला विचारला गेला. आता आपण विचारू.

जिंदाबाद!