अडवलेल्या गोलची नोंद

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्ता शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'स्त्रिया आणि खेळ' या विषयावर बोला, असं मला संयोजकांनी सांगितलं. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालण्याऐवजी मी मैदानावरच्या एकाच जागेबद्दल बोलणार आहे. आठ यार्ड रुंद, आठ फूट उंच चौकट आणि तिच्यात उभी असलेली गोलकीपर. मी स्वतः बरीच वर्षं त्या चौकटीत उभी राहिले, आता मुलींना तिथे उभं राहायला शिकवते. त्यामुळे माझं बोलणं थोडं एकतर्फी होईल, ते चालवून घ्या.

ब्रियाना स्करी हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? बरं. आणि अंगातला शर्ट काढून, गुडघ्यांवर बसून मुठी आवळलेल्या फुटबॉलपटूचा फोटो? तो बऱ्याच जणींनी पाहिलेला दिसतो. दोघी एकाच संघातल्या, एकाच सामन्यातल्या.

१० जुलै १९९९. महिला विश्वचषकाची अंतिम लढत, अमेरिका विरुद्ध चीन, कॅलिफोर्नियातलं रोझ बोल स्टेडियम. प्रेक्षक ९०,१८५. बायकांचा खेळ बघायला कोण येतंय, असं म्हणणाऱ्यांसाठी हा आकडा मी तोंडपाठ करून ठेवलाय. नव्वद मिनिटं झाली, जादा वेळ संपला, गोल नाही. जादा वेळेत चीनचा एक हेडर स्करीला चुकवून गेला होता, तेव्हा गोलरेषेवर उभ्या असलेल्या क्रिस्टिन लिलीने तो डोक्याने बाहेर काढला. मग टायब्रेकर. दोन्ही बाजूंचे पहिले दोन-दोन फटके आत गेले. चीनकडून तिसऱ्या फटक्याला लिऊ यिंग आली. स्करी डावीकडे झेपावली आणि चेंडू अडवला. पुढचे सगळे फटके गोल झाले. शेवटचा ब्रँडी चॅस्टेनचा. अमेरिका ५-४ ने जिंकली.

आता हिशेब करा. दहा फटक्यांपैकी नऊ आत गेले. सामना ठरला तो आत न गेलेल्या एका फटक्यावर. पण फोटो छापला गेला चॅस्टेनचा. 'न्यूजवीक'च्या आणि 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या मुखपृष्ठांवर तीच. मग जगभर चर्चा कशाची, तर तिने शर्ट काढला, आतली ब्रा दिसली, हे शोभलं का! पुरुष खेळाडू असे शर्ट कितीदा काढतात. चॅस्टेनवर माझा राग नाही. तिचा आनंद अस्सल होता. माझा प्रश्न मोजणाऱ्यांना आहे. गोल झाला की फलकावर आकडा चढतो, अडवला तर फलक होता तसाच राहतो. घरात रोज स्वयंपाक झाला तर कुणाला आठवत नाही, एक दिवस झाला नाही की सगळ्यांना आठवतो, तसंच हे. त्या स्पर्धेत स्करीने सहा सामन्यांत फक्त तीन गोल होऊ दिले. त्यातला एक तर चॅस्टेनकडूनच जर्मनीविरुद्ध आपल्याच जाळीत गेला होता.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर चर्चेत कुणीतरी काढेलच. लिऊ यिंगचा फटका बसण्याआधी स्करी रेषेच्या पुढे आली होती. नियमाने गोलकीपरने रेषेवरच राहायचं. पंचांनी ते धरलं नाही. यावर खूप वाद झाला, आणि चीनच्या मुलींना ते लागलं असणार हे मला समजतं. पण गंमत बघा, स्करीचं नाव चर्चेत आलं ते बरचसं या वादामुळे!

आणखीही एक आहे. अंतिम सामन्याला मैदानात उतरलेल्या अमेरिकेच्या अकरा जणींत स्करी एकटीच कृष्णवर्णीय. ती समलिंगी आहे, हेही तिने लपवलेलं नव्हतं. 'अमेरिकेची लाडकी लेक' म्हणून वर्तमानपत्रांना आणि जाहिरातदारांना जी मुलगी हवी होती, त्या साच्यात ती बसत नव्हती. हा योगायोग आहे असं मी मानत नाही. आपल्याकडे कुणाचे फोटो छापून येतात, तेही आपण बघतोच.

पण मला खरं सांगायचंय ते पुढचं. २०१० साली एका व्यावसायिक सामन्यात चेंडू अडवायला ती खाली वाकली आणि समोरच्या खेळाडूचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. हाड मोडलं नाही. बाहेरून काहीच दिसेना. पण डोकेदुखी थांबेना, उजेड सोसवेना, आठवण राहीना. खेळ संपला. उपचारांच्या खर्चासाठी विमा कंपनीशी वर्षानुवर्षं झगडा. जी जखम दिसत नाही ती आहे हे बाईने सिद्ध करायचं! घरातल्या मारहाणीच्या केसेसमध्ये आपण हेच ऐकतो ना, 'वळ कुठे आहेत?' हातात पैसा नाही, मनात जीव द्यायचे विचार. शेवटी तिने ऑलिंपिकची दोन्ही सुवर्णपदकं, १९९६ची आणि २००४ची, गहाण टाकली. आपल्याकडे बांगड्या जातात, तिची पदकं गेली.

२०१३ मध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वेदना कमी झाल्या. पदकंही सोडवून आणली गेली. २०१४ मध्ये तिने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे डोक्याच्या दुखापतींबद्दल साक्ष दिली. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल सन्मान-दालनात तिची निवड झाली. हा मान मिळालेली ती पहिली महिला गोलकीपर. विश्वचषकानंतर अठरा वर्षांनी.

आता काळ बदललाय म्हणाल, तर २०२३चा विश्वचषक आठवा. इंग्लंडच्या संघाचे शर्ट नाइकी कंपनीने चाहत्यांसाठी बाजारात आणले, पण गोलकीपर मेरी अर्प्सचा शर्ट विक्रीलाच नव्हता. ती गप्प बसली नाही, उघड बोलली. एका शाळकरी मुलीने सह्यांची मोहीम काढली, दीड लाखाच्या वर सह्या झाल्या. अंतिम सामन्यात अर्प्सने स्पेनची पेनल्टी अडवली. इंग्लंड हरलं, पण स्पर्धेतली सर्वोत्तम गोलकीपर तीच ठरली. मग कंपनीने मोजके शर्ट काढले, ते हातोहात संपले. शर्ट ही बाजाराची वस्तू, त्यात आपलं काय, असं इथल्या काही जणी म्हणतील. मला वाटतं, चौकटीत उभं राहावंसं वाटणाऱ्या मुलीला दुकानात त्या जागेचा शर्टच मिळत नसेल, तर तिने काय समजायचं?

आमच्या मुलींच्या संघात मी एक साधी वही ठेवलीय. गोलांबरोबर अडवलेले फटकेही तिच्यात लिहिले जातात, आणि कुणाच्या डोक्याला काही लागलं तर तारीख-वेळेसकट तेही. सुरुवातीला मुली हसायच्या. आता सामना संपला की आधी वही मागतात.

माझा वेळ संपला. चर्चेला अर्धा तास आहे. न दिसणाऱ्या दुखण्यासाठी विमा कंपनीशी किंवा मालकाशी ज्या भांडल्या आहेत, त्यांनी आधी बोलावं. कागद कोणते लागले, तेही सांगा.