स्वयंपाकघरातील वाचन



सध्या काय वाचता, काय रांधता, काय पाहता यावर चार शब्द बोला, असे मंडळाने मला सांगितले. थंडीच्या दिवसांत माझी ही तिन्ही कामे स्वयंपाकघरातच होतात, म्हणून तिथलेच सांगते.

सांबार स्वस्त झाला की आमच्याकडे सांबारवडी होतेच. सांबार धुऊन फडक्यावर पसरायचा आणि अगदी कोरडा होऊ द्यायचा. पाणी राहिले तर वडी तेलात फुटलीच म्हणून समजा. मग खसखस, सुके खोबरे, चारोळी, तिखट घालून सारण करायचे, आणि बेसनाच्या पोळीला आतून चिंचगुळाचे बोट फिरवायचे. सारण निवडण्याचे काम सासूबाईंचे. त्यांना आता वाचता येत नाही, म्हणून सांबार वाळेपर्यंत मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते.

यंदा लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचले. लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या, अक्षरओळख लग्नानंतरची. मी तर चांगली सातवीपर्यंत शिकलेली! पण त्यांच्यासारखे बोलल्यासारखे लिहिणे जमायला शाळा पुरत नाही. टिळक काही काळ आपल्या नागपुरातच अप्पासाहेब बुटींकडे होते, त्यामुळे सासूबाईंना ती माणसे ओळखीची वाटू लागली. वडिलांच्या सोवळ्यापायी लक्ष्मीबाईंच्या माहेरी बाहेरून आलेला जिन्नस, अगदी मीठसुद्धा, धुऊन घेत. हे ऐकून सासूबाई पोट धरून हसल्या.

पुढचे मात्र हसण्याचे नव्हते. १८९५ साली टिळक ख्रिस्ती झाले. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला गेल्या, तरी त्यांनी सोवळे सोडले नाही. मग एकदा त्यांनी स्वतःशीच विचार केला की जात देवाने नव्हे, माणसाने केली. आणि कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. हे वाचले तेव्हा सासूबाई काहीच बोलल्या नाहीत.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा कप खिडकीत वेगळा असे. मी दोनदा बोलून पाहिले होते, उपयोग झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी विचारले, "आजी, माहा कप कुठी गेला?" सासूबाई म्हणाल्या, "फुटला. हा घे," आणि आपल्या कपबशीतला चहा व एक वडी पुढे केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या नागपुरात लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली, त्याच नागपुरात अजून किती खिडक्यांत असे कप आहेत, ते आपण प्रत्येकीने घरी जाऊन पाहावे.

मुलीने नंतर याच पुस्तकावरचा, विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी १९८२ साली केलेला चित्रपट दाखवला. सुहास जोशींच्या लक्ष्मीबाई सासूबाईंना फार आवडल्या. मला पुस्तकच अधिक भावले. आवडलेले पान पुन्हा वाचून पीठ मळताना घोळवता येते.

सासूबाईंची एक तक्रार आहे. १९३६ साली लक्ष्मीबाई वारल्या आणि शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. "लिहिले चांगले आहे, पण बाईंचा आवाज नाही," असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे तो भाग अर्धाच वाचून झाला आहे, आणि पहिला पुन्हा सुरू केला आहे.